गुडघा बदलला, आता मांडीला कामाला लावा

ऑपरेशनला दीड-दोन महिने झाले की बहुतेक घरांत सारखंच घडतं. जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात, पूर्वीचं रात्री-रात्री ठणकणं थांबलेलं असतं. वॉकर कोपऱ्यात जातो, आई घरातल्या घरात फिरायला लागते आणि सगळे निर्धास्त होतात. व्यायाम नेमका तेव्हाच सुटतो. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात तक्रारी येतात: खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, ओट्याची पायरी उतरताना पाय थरथरतो, बाजारात थोडा वेळ उभं राहिलं की मांडी भरून येते. एक्स-रे काढला तर सांधा जागच्या जागी असतो. कमी पडलेली असते ती मांडी.

मी जळगाव-धुळे भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हे लिहिलंय ते नुकतंच ऑपरेशन झालेल्यांसाठी, होणार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या सुना-मुलांसाठी, ज्यांच्यावर व्यायाम करून घ्यायची जबाबदारी पडते. एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या सर्जननी हाड नाजूक असल्यामुळे किंवा आणखी कशामुळे वेगळ्या सूचना दिल्या असतील, तर त्यांचं ऐका. इथलं वेळापत्रक साध्या, गुंतागुंत नसलेल्या ऑपरेशनचं आहे.

ताकद जाते कशी

मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायू असतात. ते खाली एकत्र येऊन गुडघ्याच्या वाटीला आणि तिथून नडगीच्या हाडाला जोडले जातात. पाय सरळ करणं, खुर्चीतून उठणं, पायरी चढणं आणि मुख्य म्हणजे पायरी उतरताना अंग सावरणं, हे सगळं याच चौघांचं काम. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी सर्जनना बहुतेक वेळा याच स्नायूंच्या जोडाजवळून वाट काढावी लागते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीची ही ताकद ऑपरेशनच्या आधी होती त्याच्या निम्म्याहूनही खाली जाते. आधीची तरी कुठे चांगली होती? दुखतो म्हणून पाच-सात वर्षं तो पाय वाचवत चाललेलं असतं, तेव्हाच मांडी सुकायला लागलेली असते.

पण तीन-चार आठवड्यांत एवढं मांस झडत नाही. मोठं कारण वेगळं आहे. गुडघ्यात सूज आणि वेदना असली की मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण हुकूम देणं बंद करते. शेतातली मोटर चांगली असते, पण लाइट कमी दाबाने येते आणि पाणी चढत नाही, तशी ही गत. म्हणूनच पहिल्या आठवड्यात पाय उचलायला सांगितला की म्हातारी माणसं घाबरून म्हणतात, "माय, पाय निस्ता दगड व्हई गया." माणूस मनापासून जोर लावत असतो, तो जोर मांडीपर्यंत पोहोचत नसतो. घरच्यांनी हे समजून घ्यावं. "तू प्रयत्नच करत नाहीस" असं त्यांना ऐकवू नका.

यातून दोन गोष्टी निघतात. सूज उतरवणं हेच ताकद वाढवण्याचं पहिलं काम आहे. आणि सुरुवातीचे व्यायाम मोजून उरकण्यापेक्षा मांडीकडे लक्ष देऊन करणं जास्त महत्त्वाचं आहे.

ऑपरेशनच्या आधी घरात काय बदलायचं

तारीख मिळाल्यापासून ऑपरेशनपर्यंत जेवढे आठवडे हातात असतील, तेवढे खाली सांगितलेले पहिल्या टप्प्यातले व्यायाम दोन्ही पायांना करा. आधी शिकलेला व्यायाम नंतर वेदनेतही आठवतो. रक्तातली साखर आटोक्यात आणा, तंबाखू आणि मिसरी बंद करा. दोन्हींमुळे जखम भरायला वेळ लागतो.

घराचं म्हणाल तर सगळ्यात आधी झोपायची जागा बघा. सुंभाची किंवा पट्टीची ढिली झालेली खाट पहिले तीन महिने वापरू नका. मध्ये खड्डा पडलेल्या खाटेवरून उठताना गुडघा कमरेच्या वर जातो आणि त्या कोनातून उठायची ताकद मांडीत नसते. लाकडी पलंग घ्या, त्यावर कडक गादी टाका. उंची अशी हवी की काठावर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली राहतील. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या, पण ते हलणार नाहीत असे.

बसायला हात असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची ठेवा. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते. गुळगुळीत फरशीवर तर हमखास. संडास बैठा असेल तर कमोड खुर्ची आणून ठेवा, हे ऑपरेशनच्या आधीच करा. मोरीत पाट घेऊन बसायची सवय असते, तिथे उंच स्टूल आणि भिंतीला एक दांडी लावून घ्या. दारातली पायपुसणी, अंथरलेल्या सतरंज्या उचला. धाब्याच्या घरात उंबरे उंच असतात, तिथे चुन्याने पांढरा पट्टा ओढला तर रात्री उठल्यावर दिसतो.

पहिले दोन आठवडे: मांडीला जागं करणं

आजकाल ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभं करतात, चालवतात. नवीन सांधा वजन घेऊ शकतो, म्हणून घाबरू नका. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसा. दुखणं सोसून दाखवण्यात काही मिळत नाही, उलट मांडी आणखी आखडते.

झोपल्या-झोपल्या दोन्ही पावलं वर-खाली हलवायची, जागेपणी दर तासाला वीस-पंचवीस वेळा. याने पोटरीतलं रक्त फिरतं राहतं आणि गाठी होण्याचा धोका कमी व्हायला मदत होते.

दुसरा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा, आणि दिसायला इतका साधा की लोक त्याला व्यायामच मानत नाहीत. पाय सरळ ठेवून झोपा किंवा टेकून बसा. गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा, पाऊल स्वतःकडे ओढा, मांडी घट्ट आवळा. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून पाच-सहा खेपा. घरच्या माणसाने मांडीच्या आतल्या बाजूला, वाटीच्या चार बोटं वर, तळहात ठेवावा. तिथला स्नायू हाताखाली टणक झाला पाहिजे आणि वाटी किंचित मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे. पहिल्या दिवशी काहीच लागत नाही. मग आधी चांगल्या पायाने करायला लावा, पेशंटला स्वतःचा हात तिथे ठेवायला सांगा, आणि मग ऑपरेशनच्या पायाने. तीन-चार दिवसांनी हाताखाली एक बारीकशी हालचाल जाणवते. ती जाणवली की पेशंटचा चेहरा बदलतो.

ती हालचाल चांगली यायला लागली की सरळ पाय उचलणं. दुसरा गुडघा वाकवून ठेवा, ऑपरेशनच्या पायाची मांडी आधी आवळा, गुडघा ताठ करा आणि मगच टाच गादीपासून वीतभर वर घ्या. तीन सेकंद धरून सावकाश खाली. उचलताना गुडघा वाकत असेल तर मांडी अजून तयार नाही. तेव्हा टॉवेलचा झोका करून पावलाखालून घ्या आणि हाताने थोडी मदत करा. वाकल्या गुडघ्याने पन्नास वेळा उचलण्यापेक्षा ताठ गुडघ्याने पाच वेळा उचललेलं चांगलं.

वाकवण्यासाठी टाच गादीवरून घसरवत कुल्ल्याकडे आणायची. पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी घेतली तर टाच सहज सरकते. दोन आठवड्यांच्या सुमारास गुडघा काटकोनात, म्हणजे ९० अंशांपर्यंत वाकायला हवा. पण वाकण्याइतकंच सरळ होणंही महत्त्वाचं आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. घरात प्रेमापोटी गुडघ्याखाली उशी देतात. बरं वाटतं म्हणून पेशंट ती दिवसभर ठेवतो आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो. पुढे सरळ झाला नाही तर मांडीला प्रत्येक पावलाला जास्त काम पडतं आणि चाल लंगडी राहते. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, गुडघा मधे मोकळा लोंबू द्या. दिवसातून तीन-चारदा दहा-दहा मिनिटं पुरतात.

सुजेसाठी बर्फ. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ, वरून कोरडा पंचा गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा आणि व्यायामानंतर नक्की. जखम ओली होऊ देऊ नका. पाय सुजलाय म्हणजे खुर्चीत लोंबकळत ठेवून बसू नये. आडवं होऊन पाय छातीपेक्षा उंच ठेवा. भेटायला येणाऱ्यांसमोर तासन्तास बसून राहिल्याने संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा होतो, आणि आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ असते. पहिले दोन आठवडे पेशंटने पलंगावरच आडवं राहून पाहुण्यांशी बोलावं, कोणी वाईट वाटून घेत नाही.

विजेच्या मशीनबद्दल विचारलं जातं. मांडीला पट्ट्या लावून स्नायू आकुंचित करणारं मशीन पहिल्या काही आठवड्यांत खरंच उपयोगी पडतं. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही त्याची शिफारस आहे. पेसमेकर असेल तर मात्र ते लावू नका. याउलट पाय ठेवला की आपोआप गुडघा वाकवणारं मशीन भाड्याने आणण्याची गरज नाही. त्याच सूचनांमध्ये ते नको म्हटलं आहे. माझंही मत तेच: मशीन पाय वाकवतं, मांडी काही करत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत

टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात. आता उभ्याने काम सुरू करायचं. स्वयंपाकघराचा ओटा उत्तम, कमरेच्या उंचीवर धरायला पक्का आधार मिळतो. तो धरून दोन्ही टाचा वर उचलून बोटांवर उभं राहणं, पाय ताठ ठेवून बाजूला नेणं, पाय मागे नेणं आणि टाच मागून कुल्ल्याकडे वाकवणं, प्रत्येकी दहा-दहा वेळा. पाय बाजूला नेण्याचा व्यायाम सोडू नका. कमरेच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की चालताना शरीर एका बाजूला झुकतं आणि लोकांना वाटतं गुडघाच बसला नाही.

बसून-उठून. हा एक व्यायाम करायचा राहिला तर बाकीचे केले काय नि नाही काय, इतका मी त्याला मान देते. भिंतीला टेकवलेली खुर्ची, गरज असेल तर तिच्यावर घट्ट उशी किंवा घडी घातलेली गोधडी, म्हणजे बैठक उंच होते. दोन्ही पावलं सारखी मागे घ्या, पुढे झुका, हात न टेकता उठा, तीन मोजत सावकाश खाली बसा. धपकन बसू नका. मांडी खरी कमावते ती खाली जाताना. दर काही दिवसांनी गोधडीची एक घडी कमी करा.

इथे एक फसवणूक होते ती नीट बघा. पेशंट उठतो खरा, पण सगळं वजन चांगल्या पायावर टाकून. ऑपरेशनचा पाय पुढे सरकवलेला असतो, नावाला जमिनीवर. समोर उभे राहून पावलं बघा, दोन्ही एका रेषेत हवीत. कमरेचा पट्टा कुठे झुकतो तेही दिसतं. साडी नेसलेल्या बाईचे पाय दिसत नाहीत, म्हणून व्यायामापुरती सलवार किंवा गाऊन घालायला सांगते. सुरुवातीला सासूबाई लाजतात, मग दार लावून घ्यायचं, तेवढ्याने प्रश्न सुटतो. ऑपरेशनच्या पायावर वजन घेण्याची ही भीती वेळेत मोडली नाही तर तो पाय कमजोरच राहतो आणि दुसऱ्या गुडघ्यावर भार वाढतो.

पायऱ्यांचा नियम: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय. काठी उलट हातात, म्हणजे उजवा गुडघा बदलला असेल तर डाव्या हातात. काठी दुखऱ्या बाजूला धरणं नैसर्गिक वाटतं आणि जवळजवळ सगळेच तशी धरतात, पहिल्याच दिवशी बदलून द्या.

सहा आठवड्यांनंतर: इथून खरी ताकद

वर ज्या वळणावर लोक थांबतात म्हटलं, ते हेच. आतापर्यंत मांडीला जागं केलं, आता तिला जड काम द्यायचं. नुसतं चालून मांडी भरत नाही. चालणं हृदयाला, दमाला आणि मनाला चांगलं, रोज चालाच; पण स्नायू वाढतो तो त्याच्यावर सवयीपेक्षा जास्त भार पडल्यावर. हवाबदल म्हणून रोज दोन किलोमीटर फिरणाऱ्या आणि तरी खुर्चीतून हात टेकून उठणाऱ्या कितीतरी माणसांना मी बघते.

भारासाठी जिम लागत नाही. जुन्या पॅन्टच्या पायाची नळी कापून दोन्ही टोकं शिवा, आत वाळू भरा, मधे एक शिवण मारा म्हणजे घोट्यावर दोन्हीकडे लोंबते. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या: एक पिशवी अर्ध्या किलोची, एक किलोची, एक दोन किलोची. तेही जमत नसेल तर मिठाचा एक किलोचा पुडा कापडी पिशवीत घालून घोट्याला बांधा.

खुर्चीत टेकून बसा, पिशवी घोट्याला. पाय सावकाश सरळ करा, वर दोन मोजेपर्यंत धरा, तीन मोजत खाली आणा. वजन किती? जेवढ्याने आठ ते बारा वेळा जमेल आणि शेवटचे दोन-तीन अवघड जातील तेवढं. पंधरा वेळा सहज झालं की वजन वाढवायचं. असे दोन-तीन फेरे, मध्ये दोन मिनिटं विसावा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. स्नायूला भरून यायला मधला दिवस लागतो. बाकीच्या दिवशी हलके व्यायाम आणि चालणं.

मग पायरी. ओट्याची बुटकी पायरी किंवा दोन सपाट विटा शेजारी-शेजारी, खाली पोत्याचा तुकडा म्हणजे सरकत नाहीत. शेजारी खांब किंवा भिंत धरायला हवीच. ऑपरेशनचा पाय वर ठेवा आणि फक्त त्याच्या जोरावर अंग वर उचला. खालच्या पायाने उडी मारल्यासारखा धक्का द्यायचा नाही. चढणं जमलं की त्याच पायावर उभं राहून दुसरा पाय अगदी सावकाश खाली सोडायचा. हे सोडणं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गुणकारी. आठ-दहा वेळा. गुडघा आत वळतोय का ते बघा, तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा.

भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली सरकणं, पुन्हा वर येणं, हेही चालेल. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून पलंगाच्या पायाला आणि घोट्याला बांधली की मागच्या मांडीचा व्यायाम होतो: बसून टाच खुर्चीखाली ओढायची. व्यायामाची सायकल असेल तर बैठक उंच ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालवा.

किती दुखलं तर चालेल, हा रोजचा प्रश्न. व्यायाम करताना मांडी जळजळणं, थकणं ठीक. सांध्यात थोडं दुखून सकाळपर्यंत उतरत असेल तरी ठीक. दुसऱ्या दिवशीही सूज आणि दुखणं वाढलेलंच असेल तर वजन एक पायरी कमी करा, व्यायाम बंद करू नका.

ताटात काय हवं

नुसत्या व्यायामाने स्नायू बनत नाही, त्याला प्रथिनं लागतात, आणि ऑपरेशननंतर ती जास्त लागतात. शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरतात. ६० किलोच्या बाईला ७० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाठू नका.

खान्देशी स्वयंपाकात हे बसवणं अवघड नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतोच. फुणके तर या कामासाठी फारच चांगले: भिजवलेल्या डाळी वाटून, कांदा-लसूण-मिरची घालून वाफवायच्या, तेल जवळजवळ नाही. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मोठा ग्लास दूध म्हणजे सुमारे ८ ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. अडचण अशी की ऑपरेशननंतर "हलकं द्या" म्हणून महिनाभर नुसती मऊ खिचडी, भात आणि पातळ वरणाचं पाणी देतात. पेशंटला ते गोड लागतं, मांडीला काही पोहोचत नाही. भूक कमी असेल तर थोडं-थोडं पाच वेळा द्या, आणि प्रत्येक वेळी डाळ, दूध, दही, पनीर, अंडं, मासे यातलं एक काहीतरी असू द्या. रावेर-यावलची केळी खुशाल खा, मधुमेह असेल तर मोजून. पण केळ्याने प्रथिनांची भरपाई होत नाही. शेवभाजीची तर्री मात्र पोट बांधील अशा वेदनाशामक गोळ्या सुरू असताना जरा लांबच ठेवा, पाणी आणि भाजीपाला वाढवा.

ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. एवढं ऊन असलेल्या भागातही घरात आणि पदराआड राहणाऱ्या बायकांमध्ये त्याची कमतरता सर्रास आढळते.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर

जळगाव-भुसावळला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जातो. त्या उकाड्यात पायाची सूज वाढते आणि दुपारी व्यायामाला कोणाचं अंग उचलत नाही. जड व्यायाम सकाळी साडेसात-आठच्या आत उरका, हलका फेरा रात्री गच्चीवर किंवा अंगणात. ताक, पाणी भरपूर. हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल तर तेवढंच. लाइट जाऊन बर्फ मिळाला नाही तर माठाच्या गार पाण्यात भिजवून पिळलेला पंचा चालेल, जखम पूर्ण भरलेली असेल तरच.

हे करू नका

पोटरी आणि मांडी तेल लावून जोराने रगडू नका, पहिल्या दीड-दोन महिन्यांत तर मुळीच नाही. पोटरीत रक्ताची गाठ असेल तर रगडणं धोक्याचं आहे. बिब्याचे चटके, लेप, कुणी सांगितलेली पाल्याची पट्टी, यातलं काही त्या गुडघ्यावर नको. त्वचेला इजा झाली तर तिथून जंतू शिरतात, आणि कृत्रिम सांध्याला जंतू लागले तर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते. वाकत नाही म्हणून कोणाकडून जबरदस्तीने गुडघा दाबून घेऊ नका.

पोटरी एकाएकी दुखून सुजली आणि ताठ झाली, जखमेतून पाणी किंवा पू आला, गुडघा लाल-गरम होऊन ताप भरला, पडल्यानंतर पाय टेकवेना किंवा सरळ उचलताच येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखून दम लागला तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

मोजमाप

मनाच्या अंदाजावर जाऊ नका, महिन्यातून एकदा मोजा. भिंतीला टेकवलेली साधी खुर्ची, हात छातीवर बांधलेले, मोबाइलवर ३० सेकंद. तेवढ्यात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं? ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर ते कमी समजतात. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरं, दोन्ही पायांनी वाळूची पिशवी उचलून बघा. चांगला पाय दोन किलो दहा वेळा उचलतो आणि ऑपरेशनचा एकच किलो, तर काम अजून बाकी आहे.

वेदना तीन महिन्यांत बरीच कमी होते, पण ताकद वर्षभर वाढत राहते आणि काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. निदान सहा महिने वजनाचे व्यायाम सोडू नका.

काय करायचंय ते ठरवलं तर व्यायाम टिकतो. पेशंट बाई असेल तर मी विचारते, श्रावणात कानबाईच्या सणाच्या वेळी घरात किती तास उभं राहावं लागतं? त्या हिशेबाने ओट्याशी उभं राहण्याचा वेळ दर आठवड्याला वाढवत नेतो. कोणाला कापूस वेचायला जायचं असतं. तीन-चार महिन्यांनी सपाट रानात, थोडा वेळ, उभ्याने वेचणी जमते; पण ओल्या काळ्या मातीत पाय रुततो आणि गुडघा पिळला जातो, पावसाळ्यात बांधावरूनच परत या. सप्तशृंगी गडाच्या सुमारे पाचशे पायऱ्यांचं नाव हमखास निघतं. पहिलं वर्ष ट्रॉलीने जा. नंतर घरचे दोन जिने कठडा न धरता, एकेका पायाने चढता-उतरता येत असतील तर सर्जनना विचारून, काठी घेऊन, थांबत-थांबत चढा. उतरताना ट्रॉलीच बरी.

जमिनीवर मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं याचा हट्ट धरू नका. बहुतेकांचा गुडघा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो, त्यात खुर्ची, जिना, मोटारगाडी सगळं भागतं. पंगतीत टेबल-खुर्ची मागून घ्या. पण जमिनीवर पडलं तर उठायचं कसं, हे फिजिओकडून एकदा शिकून घ्या: कुशीवर वळा, हात टेका, चांगला गुडघा टेकवून खुर्चीचा किंवा पलंगाचा आधार धरा, मग उभं राहा.

दोन्ही गुडघे बदलायचे असतील आणि दुसऱ्याची तारीख वेगळी असेल, तर पहिल्या पायाची मांडी ३० सेकंदांच्या मोजणीत नीट उतरेपर्यंत सर्जनशी बोलून थोडं थांबता येतं का ते विचारा. दुसऱ्या ऑपरेशननंतर पहिले सहा आठवडे चांगला पाय म्हणून त्याच पायावर भिस्त असणार आहे.